नोटीस, भिंत आणि पाहुणा : ओर्गोसोलो गावाच्या भित्तिचित्रांचा इतिहास

या मालिकेत आपण आजवर बहुतेक वेळा ग्रंथांविषयी बोललो. आज भिंतींविषयी बोलायचं आहे. या भिंती एका डोंगराळ गावातल्या आहेत. घरांच्या, दुकानांच्या, गल्लीच्या कोपऱ्यांवरच्या. गाव आहे ओर्गोसोलो. इटलीच्या पश्चिमेला भूमध्य समुद्रात सार्डिनिया नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या मधोमध बार्बाजिया हा डोंगराळ प्रदेश, आणि त्यात हे गाव. उंची सुमारे सहाशे मीटर, म्हणजे आपल्या माथेरानपेक्षाही कमी. वस्ती चार हजारांच्या आसपास. मेंढपाळांचं गाव. आणि या एवढ्याशा गावात दीडशेच्या घरात भित्तिचित्रं आहेत. उन्हाळ्यात किनाऱ्यावरून बसगाड्या भरून पर्यटक येतात, मुख्य रस्त्यानं चालत जातात, फोटो काढतात, मेंढीचं चीज विकत घेतात आणि संध्याकाळी परत समुद्रकाठच्या हॉटेलात जातात.

प्रवासवर्णनांत याला ‘चित्रांचं गाव’ म्हणतात. म्हणायला हरकत नाही. पण ‘चित्रांचं गाव’ म्हटलं की असं वाटतं, की गावकऱ्यांना रंगांची हौस होती, त्यांनी भिंती सजवल्या, मग लोक बघायला येऊ लागले. इतिहास तसा नाही. आमचा आजचा प्रश्न साधा आहे : ही भिंत बोलते ती कोणाशी? सुरुवातीला कोणाशी बोलत होती, आणि आता कोणाशी बोलते? पर्यटनाविषयी बोलताना पैसा, कचरा आणि गर्दी यांची चर्चा पुष्कळ होते, ती व्हावीच. हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतं.

यासाठी थोडं मागे जावं लागेल, आणि मागे गेलं तरी भिंत भेटतेच. १८२० साली सार्डिनियाच्या राज्यात एक फर्मान निघालं. त्याचा आशय असा, की जमिनीला कुंपण, दगडी बांध किंवा खंदक घालून ती बंदिस्त करता येईल. हेतू शेती सुधारण्याचा होता असं सांगतात. युरोपभर तेव्हा ही हवा होती. खाजगी मालकी आली की माणूस जमीन नीट कसतो, असं अर्थशास्त्र सांगत होतं. पण डोंगरातला मेंढपाळ जगायचा तो सामाईक कुरणावर. हिवाळ्यात खाली, उन्हाळ्यात वर, अशी त्याची वर्षाची फेरी. आपल्याकडच्या धनगरांचा वाडा दिवाळीनंतर कोकणात उतरतो, तशीच ही रीत. ज्याच्याजवळ पैसा आणि माणसं होती त्यानं झपाट्यानं दगडी बांध घातले, आणि कालचं गावरान आज कोणाच्या तरी मालकीचं झालं. मेंढरांना बांध समजत नाही. मेंढपाळाला समजतो, पण मान्य होत नाही. १८६८ साली जवळच्या नूओरो शहरात लोकांनी नगरपालिकेवर चाल केली आणि सामाईक जमिनींच्या विक्रीची कागदपत्रं जाळली. त्यांची घोषणा एका शब्दाची होती, त्या शब्दाचा अर्थ ‘जे ठाऊक आहे ते’. म्हणजे आम्हांला आमची वहिवाट परत द्या. तर या प्रदेशात भिंत प्रथम आली ती चित्र काढायची जागा म्हणून नव्हे. वाट अडवणारी वस्तू म्हणून आली.

पुढचं पर्व अधिक दुःखद आहे. जमिनीच्या या भांडणांतून, गरिबीतून आणि घराण्याघराण्यांतल्या वैरातून डोंगरात बंडखोरी वाढली. पशुचोरी, खून, नंतर अपहरणं. हे सगळं खरं आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द ओर्गोसोलोत दोन घराण्यांत जे वैर पेटलं, ते दशकाहून अधिक काळ चाललं आणि त्यात माणसांमागून माणसं गेली. पण याचं स्पष्टीकरण काय दिलं गेलं ते पाहा. १८९७ साली अल्फ्रेदो निचेफोरो या तरुण गुन्हेशास्त्रज्ञानं सार्डिनियातल्या गुन्हेगारीवर पुस्तक लिहिलं. लोम्ब्रोझोच्या परंपरेतला तो माणूस. डोक्याची मापं घ्यायची आणि स्वभाव ठरवायचा, अशी ती परंपरा. त्यानं या डोंगराळ भागाला नाव दिलं ‘गुन्हेगार पट्टा’. दोन वर्षांनी, १८९९च्या मे महिन्यात, सैन्यानं नूओरोच्या परिसरात एका रात्री शेकडो माणसं धरली. त्या मोहिमेतल्या एका अधिकाऱ्यानं, जूलिओ बेकीनं, पुढच्याच वर्षी त्यावर पुस्तक काढलं. पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘मोठी शिकार’. वाघा-रानडुकरांची असते तशी.

आपल्या श्रोत्यांना हे ऐकून १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आठवला असेल. आठवायलाच हवा. आपल्याकडे तो कायदा जायला १९५२ साल उजाडलं, आणि ‘विमुक्त’ म्हणवल्या गेलेल्या जमातींच्या कपाळावरचा शिक्का त्यानंतरही पुसला गेला नाही. जमात असो की डोंगर, एखाद्या समूहाविषयी इतरांनी लिहायचं आणि त्या समूहानं ते निमूटपणे अंगावर वागवायचं, ही एकोणिसाव्या शतकाची एक ठरलेली पद्धत होती. ओर्गोसोलोचं नाव इटलीत याच पद्धतीनं पसरलं. गाव कोणी पाहिलेलं नव्हतं, पण गावाविषयी सगळ्यांना सगळं माहीत होतं.

या चित्राला छेद देणारी माणसंही निघाली. १९५४ साली फ्रांको कान्येत्ता यानं ओर्गोसोलोवरचा आपला सविस्तर वृत्तान्त एका प्रसिद्ध नियतकालिकात छापला. गावातल्या वैरांबरोबर पोलिसी दंडेलीबद्दलही त्यात लिहिलं होतं. १९६१ साली वित्तोरिओ दे सेता यानं ओर्गोसोलोच्या बंडखोरांवर चित्रपट काढला, आणि त्यात नट म्हणून खरेखुरे मेंढपाळ घेतले. एका मेंढपाळावर नसता आळ येतो, तो कळप घेऊन डोंगरात पळतो, मेंढ्या मरतात, आणि शेवटी तो दुसऱ्या एका गरिबाचा कळप लुटतो. माणूस दरोडेखोर होतो कसा याचं इतकं कोरडं, अश्रू न ढाळणारं चित्रण आम्ही फार थोडं पाहिलं आहे.

आमच्या दृष्टीनं या सगळ्यांत महत्त्वाचा माणूस मात्र अंतोनिओ पिल्यारू. हा बार्बाजियातल्याच ओरुने गावचा, शिक्षकांच्या घरातला मुलगा. पुढे सास्सारी विद्यापीठात राज्यसिद्धान्ताचा प्राध्यापक झाला. १९५९ साली त्यानं बार्बाजियातल्या सूडप्रथेवर ग्रंथ लिहिला. त्याचा दावा असा, की हा सूड म्हणजे बेबंदशाही नसून तो एक कायदा आहे. लिहिलेला नाही एवढंच. कोणत्या अपमानाला काय उत्तर, कोणाला हात लावायचा नाही, केव्हा प्रकरण मिटलं असं समजायचं, हे सगळं ठरलेलं आहे. आणि मग एखादा वकील मांडेल तसा तो अलिखित कायदा त्यानं कलमवार लिहूनच काढला. याचा अर्थ पिल्यारूला सूड मान्य होता असा नाही. त्याला म्हणायचं होतं, की तुम्ही ज्यांना रानटी समजता त्यांच्यापाशी व्यवस्था आहे. तुमची व्यवस्था आणि त्यांची व्यवस्था यांच्यात झगडा आहे, तो झगडा म्हणून ओळखा. (विधितत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनी हा ग्रंथ जरूर वाचावा. आपल्याकडे जातपंचायतीवर बोलताना जो गोंधळ होतो त्यातला थोडा कमी होईल.) पिल्यारू १९६९च्या मार्चमध्ये वारला, वयाच्या अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी. त्यानंतर दोनच महिन्यांनी ओर्गोसोलोत जे घडलं ते त्याला पाहायला मिळालं नाही.

ते सांगण्याआधी किनाऱ्याकडे एक नजर टाकू. १९६२ साली सार्डिनियाच्या ईशान्य किनाऱ्यावर श्रीमंतांसाठी सुट्टीचा एक अख्खा प्रदेश उभारायला सुरुवात झाली. नाव ‘कोस्ता स्मेराल्दा’, पाचूचा किनारा. त्यामागचा माणूस होता करीम आगाखान. पुण्यातल्या मंडळींना हे नाव नवं नाही. आगाखान पॅलेस बांधणाऱ्या आगाखानांचा हा नातू, आणि तो राजवाडा भारताला देऊन टाकला तोही यानंच, १९६९ साली. तर साठच्या दशकात या बेटाचे दोन उपयोग बाहेरच्यांना दिसू लागले होते. काठावर आलिशान नौका, आणि आत, जिथे माणसं थोडी आणि जमीन फार असं मुख्य भूमीवरून दिसतं, तिथे लष्करी सरावाची मैदानं. इटलीच्या सैन्याच्या सरावजमिनींचा फार मोठा वाटा आजही या एका बेटावर आहे.

१९६९च्या मे महिन्याच्या अखेरीस ओर्गोसोलोच्या भिंतींवर एक नोटीस चिकटवलेली दिसली. प्रातोबेल्लो नावाच्या गावच्या कुरणाच्या परिसरात सैन्य गोळीबाराचा सराव करणार आहे. मेंढपाळांनी सुमारे दोन महिन्यांसाठी कळप हलवावेत. बस्स, एवढंच. कुठे हलवावेत ते कोणी सांगितलं नाही. जूनमध्ये कुरण सोडणं म्हणजे काय हे रोममधल्या कचेरीला माहीत नसावं, किंवा माहीत असून फरक पडत नसावा. लोकांना भीती अशी, की दोन महिन्यांचे दोन वर्षं होतील आणि मग कायमचंच.

मग गावात सभा सुरू झाल्या. उघड्या चौकात, सगळ्यांना बोलायला मुभा. आणि जूनमध्ये गावच्या गाव, बायका, मुलं, म्हातारे, सुमारे साडेतीन हजार माणसं कुरणावर गेली आणि तिथे ठाण मांडून बसली. ज्या गावाचं नाव बंदुकीशी जोडलेलं होतं त्या गावानं बंदूक घरी ठेवली. सैनिक पोरसवदा होते, सक्तीच्या भरतीतले. त्यांच्याशी बायका बोलायला लागल्या. काही जणांची धरपकड झाली. एमिलिओ लुस्सू हा सार्डिनियाचा वयोवृद्ध फॅसिस्टविरोधी नेता, त्यानं तारेनं पाठिंबा कळवला. काही दिवसांत वाटाघाटी झाल्या, सराव आटोपता घेतला गेला आणि सैन्य निघून गेलं. आपल्याकडे सत्याग्रहाचा इतिहास शिकवताना जगातली उदाहरणं देतात, त्यांत प्रातोबेल्लोचं नाव आम्हांला कधी आढळलं नाही. यायला हवं.

आता भिंतीकडे येऊ. त्याच वर्षी ‘दिओनिसो’ नावाचा मिलानचा एक अराजकवादी नाट्यगट गावात होता. त्यांनी ओर्गोसोलोतलं पहिलं भित्तिचित्र काढलं. म्हणजे पहिलं चित्र बाहेरच्यांनी काढलेलं आहे, हे विसरू नये; अस्सल गावठी मातीतून उगवलेली कला वगैरे रम्य कल्पना इथे चालत नाही. त्यानंतर पाच-सहा वर्षं फारसं काही घडलं नाही. १९७५ हे फॅसिझमपासूनच्या मुक्तीचं तिसावं वर्ष. गावच्या माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवणारा फ्रांचेस्को देल काझीनो मूळचा सिएनाचा, साठच्या दशकात इथे येऊन स्थायिक झालेला. त्यानं मुलांबरोबर प्रतिकारलढ्यावर चित्रं करायचं ठरवलं. आधी कागदावर, भित्तिपत्रकांसाठी. मग तीच चित्रं भिंतींवर गेली. बाह्यरेषा मोठ्या, रंग मोजके, माणसं कोनाकोनांत मोडलेली, पिकासोच्या घनवादाची उघड छाया. गेर्निका पाहिलेल्या कोणालाही नातं लगेच कळावं.

या शैलीविषयी थोडं सांगावंसं वाटतं. समीक्षक म्हणतात, हे सगळं उसनं आहे. असेलही. पण शाळकरी मुलांबरोबर काम करायचं, खडबडीत गिलाव्यावर करायचं, आणि रस्त्याच्या पलीकडून जाणाऱ्या म्हाताऱ्याला वाचता आलं पाहिजे, तर सपाट रंग आणि जाड रेघ यांच्याखेरीज दुसरं काय करणार? घनवादी चेहऱ्याला छायाप्रकाशाची कलाकुसर लागत नाही. शैली इथे गरजेतून निवडली गेली आहे. शिवाय चित्राशेजारी अक्षरं असतात. इटालियनमध्ये, कधी सार्डिनियन भाषेत. लुस्सूची ती तारही आज एका भिंतीवर आहे. चित्र आणि मजकूर मिळून एक विधान होतं. आपल्याकडच्या दलित पँथरच्या काळातल्या किंवा गिरणी संपाच्या वेळच्या भिंती ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं समजवायला नको.

काय काय आहे त्या भिंतींवर? प्रातोबेल्लो आहेच. मेंढपाळ, त्याचं दूध आणि दूध विकत घेणारा व्यापारी आहे. राबणाऱ्या बायका आहेत. ग्राम्शी आहे, तोही सार्डिनियाचाच, १८९१ साली आलेस गावात जन्मलेला. मग व्हिएतनाम आहे, चिली आहे, पॅलेस्टाइन आहे. पुढच्या पिढीनं २००१मधलं जेनोवाचं निदर्शन आणि न्यूयॉर्कचे जळते मनोरे घातले. पुष्कळांना प्रश्न पडतो, की मेंढपाळांच्या गावात व्हिएतनाम कशाला? आमचं म्हणणं असं, की ओर्गोसोलोनं शंभर वर्षं ऐकलं होतं, तुम्ही एक अपवाद आहात, एक विकृती आहात, तुमच्या रक्तात दोष आहे. त्याला उत्तर म्हणून गाव म्हणतं : आमच्याबाबत जे झालं ते आमच्या रक्तामुळे झालेलं नाही, ते इतरत्रही झालं आहे, हे बघा कुठे कुठे. निचेफोरोला दिलेलं हे उत्तर आहे, ऐंशी वर्षांनी.

इथे एक तुलना उपयोगी पडेल. सार्डिनियाच्या दक्षिणेला सपाटीवर सान स्पेराते हे गाव आहे. तिथे पिनुच्चो शोला या शिल्पकारानं १९६८ सालीच गावकऱ्यांकडून मातीच्या भिंती चुन्यानं पांढऱ्या करून घेतल्या आणि त्यांवर चित्रं सुरू केली. नंतर तो मेक्सिकोला जाऊन सिकेरोसबरोबर काम करून आला. सान स्पेरातेच्या भिंती सुंदर आहेत, तिथे फळं आहेत, दारं-खिडक्यांचे आभास आहेत, गावजीवन आहे. तिथे गाव स्वतःला सजवतं. ओर्गोसोलोत गाव भांडतं. दोन्ही गोष्टी करायला माणसाला भिंत लागते, पण पर्यटक आल्यावर दोन्हींचं सारखंच होत नाही. सजलेल्या घराला पाहुणा आला तर घराला आनंदच. भांडणाच्या मध्ये पाहुणा आला तर?

आणि पाहुणे आले. कशासाठी आले, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. ते सुरुवातीला चित्रांसाठी आलेच नव्हते, दरोडेखोरांचं गाव बघायला आले. किनाऱ्यावर आठ दिवस लोळून कंटाळा आला की एक दिवस डोंगरात, थोडी भीती चाखायला. बार्बाजियातल्या रस्त्यांवरच्या पाट्या बंदुकीच्या गोळ्यांनी चाळण झालेल्या असतात, त्यांचे फोटो आजही काढतात. ओक वृक्षांखाली ‘मेंढपाळांबरोबर जेवण’ असतं : कागदासारखी पातळ भाकरी, भाजलेलं डुकराचं पिल्लू, चीज, लाल वारुणी, मग मेंढपाळांचं चार आवाजांतलं गाणं. या धंद्याचा कळस म्हणजे ग्रात्सिआनो मेझीना. ओर्गोसोलोचा हा कुप्रसिद्ध माणूस, अनेकदा तुरुंग फोडलेला. २००४ साली राष्ट्राध्यक्षांनी त्याला माफी दिली. गावी परतला आणि पर्यटकांचा वाटाड्या झाला! लोक त्याच्याबरोबर डोंगर बघायला जात. २०१३ साली अमली पदार्थांच्या प्रकरणात त्याला पुन्हा अटक झाली आणि पुढे शिक्षाही. ‘गुन्हेगार पट्टा’ हा शिक्का शंभर वर्षं अंगावर वागवल्यानंतर तो विकायला काढता आला. गावानं तो विकला यात आम्हांला नैतिक धक्का बसत नाही. शिक्का दुसऱ्यानं मारला होता, निदान त्याचं भाडं तरी मिळावं.

चित्रांचं प्रकरण मात्र गुंतागुंतीचं आहे. वाल्टर बेन्यामिननं कलाकृतीच्या दोन मूल्यांत फरक केला होता : पूजामूल्य आणि प्रदर्शनमूल्य. देवळाच्या गाभाऱ्यातली मूर्ती असते तेवढं पुरतं, ती दिसलीच पाहिजे असं नाही; संग्रहालयातल्या मूर्तीला दिसण्याखेरीज काम नाही. आपल्याकडे वारली चित्रांचा प्रवास हे याचं चोख उदाहरण. लग्नाच्या घरात सवाशिणींनी तांदळाच्या पिठानं लिहिलेला चौक, त्यात पालघट देवी. सत्तरच्या दशकात जिव्या सोमा म्हशे यांनी ते रेखाटन कागदावर आणलं, कलावंत म्हणून जगात नाव मिळवलं, आणि आज थंड हवेच्या ठिकाणच्या प्रत्येक दुसऱ्या रिसॉर्टच्या कुंपणावर नाचणाऱ्या वारली आकृत्या दिसतात, ज्यांना ना लग्न ठाऊक ना देवी. पूजामूल्य गेलं, प्रदर्शनमूल्य उरलं. म्हशे यांच्याबद्दल आम्हांला आदरच आहे. कुंपणाबद्दल बोलतो आहोत.

पण ओर्गोसोलोच्या चित्रांना पूजामूल्य कधी नव्हतंच. त्यांच्यात होतं ते तिसरंच काहीतरी, बेन्यामिनच्या जोडीत न बसणारं. आम्ही त्याला संबोधनमूल्य म्हणू. ती कोणाला तरी उद्देशून होती. नोटीस भिंतीवर लागली होती, उत्तरही भिंतीवर आलं. नोटिशीत राज्य गावाशी बोललं, चित्रात गाव राज्याशी बोललं, आणि त्याच वेळी आपापसांतही, चौकातल्या सभेसारखं. पर्यटक या संवादात कोण? तो शेजारच्या टेबलावरचं बोलणं कानावर पडणारा माणूस. त्याला ऐकू येतं, पण त्याच्याशी कोणी बोललेलं नसतं.

यावरून काही इटालियन अभ्यासक दुःख करतात, की चित्रं मेली, आता ती नुसती सजावट आहेत. आम्हांला हे पुरतं पटत नाही. १९६९ साली गावाला ऐकणारे हवेच होते. कोणी पत्रकार यावा, छायाचित्रं निघावीत, रोममध्ये कळावं, ही इच्छा त्या आंदोलनाचा भागच होती. तिऱ्हाइताच्या कानावर पडावं म्हणूनच माणूस चौकात मोठ्यानं बोलतो. म्हणून जर्मनीहून आलेली शिक्षिका एका भिंतीसमोर थांबते, मजकूर कोणाकडून तरी समजावून घेते, आणि प्रातोबेल्लो म्हणजे काय असं विचारते, तेव्हा चित्र आपलं जुनंच काम करत असतं. फोटो काढून पुढे जाणाऱ्या शंभरांपैकी दोघांनी विचारलं तरी चालेल. ग्रंथांचंही याहून बरं चालत नाही.

धोका निराळ्या ठिकाणी आहे. नवं चित्र काढताना चित्रकाराच्या डोळ्यांसमोर फक्त तिऱ्हाईतच असेल, तर मजकूर गळतो आणि पारंपरिक पोशाखातली म्हातारी उरते. सार्डिनियात आता कितीतरी गावांनी भिंती रंगवल्या आहेत, आणि त्या म्हाताऱ्या सगळीकडे सारख्या दिसतात. ओर्गोसोलोतही तशी चित्रं आली आहेत. ती वाईट रंगवलेली नसतात, उलट पुष्कळदा जुन्यांपेक्षा सफाईदार असतात. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, एवढंच. जुन्या भिंतींशी येत होता, कोणी चिडून त्यावर काळं फासू शकत होता.

दुसरा प्रश्न टिकवण्याचा. उघड्या भिंतीवरचा रंग डोंगरातल्या ऊन-पावसात पंचवीस-तीस वर्षांत फिका पडतो. देल काझीनो पुढे सिएनाला परत गेला, पण स्वतः येऊन त्यानं काही जुनी चित्रं पुन्हा रंगवली. निषेधाचं चित्र जपावं का, हा तत्त्वज्ञानाच्या वर्गात तासभर चालणारा प्रश्न आहे. व्हिएतनामचं युद्ध १९७५ साली संपलं. ते चित्र दर पिढीला ताजं करायचं, तर आता ते निषेध आहे की निषेधाचं स्मारक? आमचं मत विचाराल तर प्रातोबेल्लोच्या भिंती जपाव्यात, कारण तो गावाचा स्वतःचा दस्तऐवज आहे. बाकीच्यांना फिकं होऊ द्यावं आणि त्यांच्या जागी नव्या पिढीला भांडू द्यावं. पर्यटन कचेऱ्यांना हे आवडणार नाही, कारण नकाशावर चित्रांना क्रमांक दिलेले असतात.

भिंती काय सांगत नाहीत तेही पाहिलं पाहिजे. गावात पेप्पिनो मारोत्तो नावाचा कवी होता; मेंढपाळ, कामगार संघटनेचा कार्यकर्ता, गायक. प्रातोबेल्लोवर त्यानं सार्डिनियन भाषेत काव्य रचलं. २००७च्या डिसेंबरच्या अखेरीस, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, सकाळी वर्तमानपत्र आणायला निघालेला असताना गावातच त्याला गोळ्या घालून मारलं. पिल्यारूनं लिहून काढलेला तो अलिखित कायदा १९५९ साली ग्रंथात बंद झाला नव्हता, असंच त्या दिवशी पुष्कळांना वाटलं. राज्याशी बोलायला या गावाला भिंत सापडली. शेजाऱ्याशी, भाऊबंदाशी जे बोलायचं आहे त्याला अजून सापडलेली नाही. पर्यटकाला हे दिसत नाही, आणि कोणी दाखवतही नाही. इथे आम्ही गावाला दोष देणार नाही. कोणतं गाव हे भिंतीवर लिहील?

आणि पैशाचं काय? पर्यटनातून खानावळी चालतात, मार्गदर्शक मिळवतात, चीज विकलं जातं. पण गावाची मूळ अर्थव्यवस्था अजून दुधावर आहे. २०१९च्या फेब्रुवारीत मेंढीच्या दुधाचा भाव लिटरला साठ सेंटच्या आसपास उतरला, तेव्हा सार्डिनियाभरच्या मेंढपाळांनी दूध रस्त्यावर ओतलं. दूध ओतण्याची ती दृश्यं आपल्याकडच्या शेतकऱ्यांना नवी वाटणार नाहीत. ज्या रस्त्यांनी एरवी पर्यटकांच्या गाड्या जातात त्याच रस्त्यांवरून तेव्हा दूध वाहत होतं. पाहुण्याच्या जेवणातल्या चीजला भाव आहे, कारखान्याला घातलेल्या दुधाला नाही, हे गणित कोणत्याही भित्तिचित्राहून अवघड आहे.

शेवटी अगदी अलीकडची घटना. पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प यांसाठी मुख्य भूमीवरच्या आणि परदेशी कंपन्यांचे अर्ज सार्डिनियात प्रचंड संख्येनं येऊ लागले, आणि त्याविरुद्ध बेटावर नवं आंदोलन उभं राहिलं. त्यातल्या पर्यावरणाच्या मुद्द्यांवर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. हरित ऊर्जा नको असं म्हणणं सोपं नाही, आणि दर वेळी डोंगरानंच जागा का द्यायची हा प्रश्नही खोटा नाही. त्या आंदोलनानं एका कायद्याचा मसुदा केला आणि गावोगावच्या चौकांत टेबलं मांडून सह्या घेतल्या. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये दोन लाखांहून अधिक सह्या प्रादेशिक विधिमंडळाकडे गेल्या. बेटाची लोकसंख्या सोळा लाखांच्या आत आहे, हे लक्षात घेतलं तर आकडा किती मोठा ते कळतं. विधिमंडळानं तो मसुदा बाजूला ठेवून डिसेंबरमध्ये आपला वेगळा कायदा केला, आणि वाद अजून मिटलेला नाही. त्या लोकांनी आपल्या मसुद्याला जे नाव दिलं होतं ते होतं ‘प्रातोबेल्लो २४’.